आजीची बिडाची कढई आणि माझा कडक पाव

माझा पहिला पाव आजीनं पायरीवर आपटून बघितला. ठक्क असा आवाज आला. "ह्या काय रे झिला? दगड?" एवढंच विचारून ती आत गेली. उरलेला ऐवज खळ्यात कोंबड्यांना टाकला, तर त्यांनीही थोडा वेळ चोची मारल्या आणि नाद सोडून दिला.

ही गोष्ट मे महिन्यातली. राज्यसेवेची पूर्व परीक्षा दुसऱ्यांदा हुकली होती, पुण्यातली रूम सोडली होती आणि मी पुस्तकांच्या दोन खोक्यांसकट ओरोसला घरी परतलो होतो. ज्यांना ओरोस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि त्याचं मुख्यालय इथे आलं. कागदोपत्री नाव सिंधुदुर्गनगरी, रेल्वे स्टेशनवर नुसतं सिंधुदुर्ग, पण बोलताना सगळे ओरोसच म्हणतात. कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, क्वार्टर्स. सकाळी दहाला भरायचं आणि संध्याकाळी सहाला रिकामं व्हायचं, असं हे गाव. इथे प्रत्येक दुसरा माणूस सरकारी नोकरीत, त्यामुळे प्रत्येक दुसरा माणूस मला एकच प्रश्न विचारायचा, "मग, आता पुढे काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भूक मात्र होती, आणि तीही एका विशिष्ट पावाची. पुण्यात एका कॅफेत मित्राच्या वाढदिवसाला खाल्लेला: बाहेरून तांबूस, चिरा पडलेला, बोटांनी मोडला की कडकड वाजणारा आणि आतून ओलसर, जाळीदार. आमच्याकडे बेकरीत लादीपाव मिळतो, खारी, टोस्ट, बटर सगळं मिळतं. पण असला पाव ऑर्डर करायचा तर तो पुण्याहून येईपर्यंत पायरीवर आपटायच्या लायकीचा झाला असता. म्हटलं, आपणच करू.

या पावाची जी रेसिपी जगभर फिरली, ती मूळची न्यू यॉर्कची. जिम लाही नावाच्या बेकरची ही पद्धत मार्क बिटमननं नोव्हेंबर २००६ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये लिहिली आणि घरी पाव भाजणाऱ्यांची पंचाईतच संपली. मळायचं नाही. मैदा, मीठ, भरपूर पाणी आणि चिमूटभर यीस्ट चमच्यानं कालवायचं, झाकून १२ ते १८ तास विसरून जायचं. मग ओव्हनमध्ये जड झाकणाचं बिडाचं भांडं कडकडीत तापवून त्यात तो गोळा टाकायचा. झाकण लावून अर्धा तास, झाकण काढून आणखी थोडा वेळ. झालं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांनी ज्यांनी इन्स्टावर पाव टाकले, त्यांतल्या निम्म्यांचा हाच असणार.

यात खरी करामत भांड्याची आहे. बेकरीच्या मोठ्या भट्टीत पाव आत गेला की वाफ सोडतात. वाफेमुळे वरची साल पहिली काही मिनिटं ओली आणि लवचीक राहते, म्हणून पावाला फुगायला जागा मिळते. साल आधीच सुकली तर आतला वायू अडकतो आणि पाव ठेंगणाच राहतो. शिवाय ओल्या सालीवरच्या स्टार्चची खळ होते आणि नंतर तीच सुकून काचेसारखी कडक बनते. घरच्या ओव्हनमध्ये वाफ टिकत नाही, भसकन बाहेर जाते. पण जड, घट्ट झाकणाच्या भांड्यात पीठ स्वतःचीच वाफ सोडतं आणि ती तिथेच कोंडली जाते. म्हणजे मोठ्या ओव्हनच्या आत एक छोटी भट्टी. नंतर झाकण काढलं की कोरडी आच लागते आणि रंग चढतो.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ओव्हन नाही. बिडाचं झाकणवालं भांडं ऑनलाइन शोधलं, किंमत बघितली आणि टॅब बंद केला. बेरोजगारानं एका पातेल्यावर किती खर्च करावा, याला काही मर्यादा असते.

पण मे महिना म्हणजे आगोटीची कामं. पावसाआधी लाकडं भरायची, मिरच्या वाळवायच्या, माळा साफ करायचा. माळ्यावरून आईनं एक गोणी खाली काढली. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. गोणीत फुटके पत्रे, पंख्याचं एक पातं आणि तळाशी एक काळी-तांबूस, गंजलेली, अशक्य जड कढई. बीड. आपण ज्याला 'कास्ट आयर्न' म्हणत ऑनलाइन शोधतो, त्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बीड म्हणतात हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. घावणे ज्यावर होतात तो तवा बिडाचाच असतो आणि तो आमच्या घरात रोज वापरात होता! मी कढई ठेवून घेतली. आई म्हणाली, "घे, पण घासायची तू." वजनाचे पन्नासेक रुपये बुडाले, एवढंच तिचं दुःख.

गंज काढायला दोन दिवस गेले. आधी नारळाची किशी आणि वाळू, मग चिंच, मग परत वाळू. धुऊन लगेच चुलीवर ठेवून खडखडीत वाळवली, तेलाचा अगदी पातळ हात फिरवला आणि धूर येईपर्यंत तापवली. असं चार वेळा. तेल जास्त लावलं तर चिकट थर बसतो, हे तिसऱ्या वेळी कळलं. बिडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: ते दणकट दिसतं, पण ठिसूळ असतं. लोखंडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असला की ते ओतायला सोपं जातं, पण वाकत नाही, फुटतं. तापलेल्या कढईवर गार पाणी ओतलं की तडा गेलाच समजा.

तर कढई तयार होती, झाकण म्हणून घावण्याचा तवा होता आणि गॅस होता. रेसिपी शब्दशः पाळली. रात्री नऊला पीठ कालवलं, सकाळी अकराला उघडलं. आत डोसा-पिठासारखा आंबूस, सैल रबडा. बुडबुडे येऊन, फुगून, बसूनही गेले होते. तसाच भाजला. तळ कोळसा, वर पांढरा फटक आणि मध्ये ते जे काय होतं ते. आजीनं पायरीवर आपटला तो हाच.

चूक कुठे झाली ते शोधायला तीन पाव वाया गेले. उत्तर रेसिपीतच लिहिलेलं होतं, मी वाचूनही वाचलं नव्हतं. 'सुमारे ७० अंश तापमानाला ठेवा.' ७० फॅरनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस. आमच्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २५-२६ च्या खाली उतरायला तयार नसतो, दुपारी तर विचारूच नका. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. न्यू यॉर्कच्या घड्याळानं ओरोसमध्ये पीठ आंबवलं, तर दुसरं काय होणार? ही गोष्ट खरं तर आपल्याकडे कुठल्याही बाईला माहीत असते. आंबोळीचं पीठ उन्हाळ्यात उशिरा वाटायचं आणि थंडीत लवकर, हे आजीला कुणी थर्मामीटर देऊन शिकवलं नव्हतं.

मग मी घड्याळ सोडलं आणि पीठ बघायला लागलो. दुप्पट झालं, वर बुडबुडे आले, भांडं हलवलं की थलथल हललं, की ते तयार. मे महिन्यात माठातलं गार पाणी आणि चिमटीत मावेल तेवढंच यीस्ट घेतलं तर पाच-सहा तास. पावसात सात-आठ. डिसेंबरात मात्र रात्री झोपायच्या आधी कालवलं की सकाळी चहाच्या वेळी बरोब्बर.

मध्येच एक अतिशहाणपणाही केला. यीस्टऐवजी आंबोळीचं पीठच घातलं तर? शेजारच्या गोव्यात यीस्ट मिळायच्या आधी पावाचं पीठ माडाच्या ताज्या सुरेनं फुगवायचे. पोर्तुगीज पाव घेऊन आले, पण फुगवायला हाताशी जे होतं तेच वापरावं लागलं. 'पाव' हा शब्दही त्यांचाच आणि सायकलला टोपली बांधून भोंगा वाजवत येणाऱ्या 'पोदेर'चाही. म्हटलं, सूर चालते तर आंबोळी का नाही? नाही चालली. निदान माझी नाही. पाव फुगला नाही, वास मात्र दिवसभर घरात होता. कोंबड्यांनी तो खाल्ला, हे नमूद करायला हवं.

आंबवण जमलं तरी भाजणी जमेना. गॅसवर सगळी आच खालून. तळ करपायचा, वरची साल पांढरीच. शेवटची दहा मिनिटं पाव उलटा करून बघितला, कढईखाली दुसरा तवा ठेवून बघितला. खाण्यालायक व्हायचा, पण ती कडकड? ती काही येत नव्हती. जूनमध्ये मी ते सोडून दिलं. नवीन जाहिरात आली होती, पुन्हा पुस्तकं काढली. कढई परत माळ्यावर जायच्या बेतात होती.

ती वाचली चतुर्थीमुळे. भाद्रपदात आमच्या वेलांना मोठी तवशी लागतात आणि गणपतीच्या दिवसांत घरात तवसळी होते. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, हळदीच्या पानाचा वास. रत्नागिरीकडे याच वळणाच्या पदार्थाला धोंडस म्हणतात. गेली काही वर्षं आई ती कुकरमध्ये करायची. यंदा चाकरमानी काका मुंबईहून आले होते आणि त्यांना 'आयेच्या हातची, चुलीवरची' हवी होती. आजीनं हाक मारली, "ती कढई हाड रे."

मी बघत राहिलो. चुलीतली लाकडं तिनं मागे ओढली, थोडे निखारे पुढे ठेवले, त्यावर कढई. कढईत मिश्रण. वर तवा. आणि मग चिमट्यानं एक एक करून तव्यावर निखारे. करवंट्यांचे, लालबुंद. खाली मूठभर, वर ढीगभर. मी विचारलं, "वर का?" ती माझ्याकडे असं बघायला लागली जणू मी पूर्व परीक्षा का नापास झालो हे तिला आत्ता कळलं.

"खालसून जाळ घालतस, वरसून काय नाय. मगे वर लाल कसा होतला?" आणि मग, निखारे सारखे करता करता, "तवसळीक खंय ओव्हन लागता?"

गोव्यातलं बेबिंकही असंच, वर निखारे ठेवून एकेक थर भाजत व्हायचं. जिम लाहीची छोटी भट्टी आमच्या घरात केव्हाची होती आणि मी ती गॅसवर ठेवून तिच्या नावानं बोटं मोडत होतो.

आता पद्धत सांगतो, कारण गोष्ट ऐकून पोट भरत नाही. मैदा ३०० ग्रॅम आणि चपातीचं पीठ १०० ग्रॅम. नुसती कणीक घेऊ नका, पाव जड होतो. नाचणीची हौस असेल तर मूठभर घाला, त्याहून जास्त नको. नाचणी आणि तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे वायू धरून ठेवायला जाळीच बनत नाही. मीठ दीड चमचा, सपाट. इन्स्टंट यीस्ट पाव चमचा, उन्हाळ्यात त्याच्या निम्मं. पाणी २९० मिली, पण पावसाळ्यात आधी २७० च घाला, कारण आमच्याकडे जुलैत पीठही ओलं असतं. चमच्यानं कालवा. हाताला चिकटणारा, बेंगरूळ गोळा दिसला तरी घाबरून मैदा वाढवू नका, त्या ओलाव्यातूनच वाफ येणार आहे. अर्ध्या तासानं ओल्या हातानं चारी बाजूंनी ओढून मध्ये दुमडा. पुन्हा अर्ध्या तासानं एकदा. मग झाका आणि बघत राहा.

दुप्पट झाला की पाटावर पीठ भुरभुरून हलक्या हातानं गोल वळा. सुती फडक्यावर तांदळाचं पीठ पसरा (ते मैद्यासारखं ओलावा शोषून चिकटत नाही) आणि त्यात गोळा पाऊण तास विसाव्याला ठेवा. या वेळात चूल पेटवा. कढई आणि तवा दोन्ही चांगले अर्धा तास तापले पाहिजेत. पाणी शिंपडलं तर थेंब नाचत पळाला पाहिजे. बटर पेपर ओरोसमध्ये नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून मी केळीच्या पानाचा गोल तुकडा वापरतो. पान करपतं, पण पाव तळाला धरत नाही. गोळा सोडा, ब्लेडनं वर एक खोल चीर द्या, तवा झाका, निखारे वर चढवा. पहिली २५-३० मिनिटं उघडायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही. नंतर तवा किंचित सरकवून फट ठेवायची, वर नवे निखारे घालायचे आणि आणखी १५ मिनिटं.

एक सूचना अनुभवातून. घावण्याचा तवा मध्ये खोलगट असतो. निखारे ठेवायला ते बरं, पण त्याचं पोट कढईत खाली उतरतं. कढई उथळ असेल तर फुगलेला पाव तव्याला जाऊन चिकटतो. माझा एक असाच टक्कल पडून बाहेर आला होता. कढई लहान असेल तर ३०० ग्रॅम पिठाचाच करा. आणि हे सगळं उघड्या पडवीत किंवा हवेशीर जागी. बंद खोलीत निखारे नकोतच.

शहरात राहत असाल आणि ओव्हन असेल तर काम सोपं. २३० अंशांवर भांडं झाकणासकट अर्धा तास तापवा, झाकून ३० मिनिटं, उघडं १५ ते २०. भांडं महागडंच हवं असंही नाही. अमेरिकेतल्या चॅड रॉबर्टसननं २०१० च्या त्याच्या 'टार्टीन ब्रेड' या पुस्तकात चक्क बिडाच्या उथळ पॅनवर खोल पॅन उलटं झाकून पाव भाजायला सांगितलंय. जुन्या बाजारात एकावर एक बसतील अशा दोन बिडाच्या कढया मिळाल्या तरी भागेल. कडी धरताना जाड फडकं घ्या. माझ्या उजव्या मनगटावर याचा पुरावा आहे.

भाजून झालं की पाव बाहेर काढून तळाला टिचकी मारा. पोकळ, ढोलकीसारखा आवाज आला तर आतून झालाय. आणि आता सगळ्यात अवघड भाग: तासभर कापायचा नाही. आतली वाफ अजून काम करत असते, गरम असताना सुरी लावलीत तर आत गिच्च गोळा मिळेल.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मी तो पाव जाळीवर काढून ठेवला आणि शेजारी बसलो. दोन मिनिटांत आवाज यायला लागला. तड... तड तड. साल गार होताना आकसते आणि तिला बारीक तडे जातात, त्याचा आवाज. पेटत्या चुलीत सुकी पानं टाकल्यावर येतो तसा, पण बारीक. मी आईला हाक मारली, बाबांना हाक मारली. बाबा पेपर खाली ठेवून आले आणि आम्ही तिघं जाळीभोवती उभं राहून एका पावाला ऐकत होतो. त्या सबंध दिवसात मला 'पुढे काय' कुणी विचारलं नाही.

पुढचं म्हणाल तर परीक्षा मी पुन्हा देतोय. पाव आठवड्यातून दोनदा होतो. आमच्या बाजूच्या क्वार्टर्समधल्या दोघी-तिघींनी शनिवारी सांगून ठेवायला सुरुवात केलीय, त्यांच्याकडून मैदा आणि यीस्टचा खर्च घेतो. धंदा करावा का, असं बाबांनी एकदा जेवताना सहज विचारलं. चुलीवर एका वेळी एकच पाव होतो, त्याला दीड तास लागतो आणि पावसाळ्यात इथल्या दमट हवेत दोन तासांत साल मऊ पडते. (घरी पडली तर तापल्या तव्यावर पाच मिनिटं ठेवा, परत कडक होते. पण गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार?) हिशेब मांडून बघितला, अजून जमत नाही. बंदिस्त मातीची भट्टी घातली तर जमेल कदाचित. परसात जागा आहे. एप्रिलपर्यंत ठरवायचंय, कारण मातीकाम पावसाआधी व्हायला हवं.

कढई आता माळ्यावर जात नाही. चुलीशेजारी खुंटीला असते आणि तिला मी सोडून कुणी घासायचं नाही, असा नियम आहे. नियम माझा नाही, आजीचा. कढई तिच्या सासूची होती हे तिनं मला सांगितलं ते थेट दिवाळीत. भंगाराच्या गोणीत तिनंच ती टाकायला दिली होती, "कोण उचलतला इतक्या जड" म्हणून.

त्या रविवारच्या पावाचा पहिला तुकडा तिला दिला. तिनं तो बोटांनी दाबला, कानाशी नेऊन मोडला, वास घेतला. मग बशीतल्या चहात बुचकळून चांगला मऊ होईपर्यंत धरून ठेवला. एवढ्या मेहनतीनं आणलेला कडकपणा माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होता.

"बरो झालो," ती म्हणाली. "पण चावूक माका दात खंय आसत?"